पहिल्या बुधवारचा भोंगा

मे महिन्यात अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली असताना शिफ्टवाले काका फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आज भल्ला पाऊस आहे बाप्पा. वाराही आहे. छत्री उलटी होऊन राहिली असन तिची." नवीन माणूस आधी वर आभाळाकडे बघायचा, मग काकांकडे. आभाळात ढगाचा तुकडा नसायचा. गल्लीतले जुने लोक मात्र न थांबता म्हणायचे, "रेनकोट घेतला असेल काका तिनं, नका काळजी करू." काकांचा पाऊस नागपूरचा नसायचाच, तो ब्रेस्टचा असायचा. फ्रान्सच्या पार पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागरावर, नौदलाचं हे जुनं बंदर आहे. काकांची एकुलती एक मुलगी रश्मी तिथल्या एका संशोधन संस्थेत समुद्राचं पाणी तपासायचं काम करते. तलाव म्हटला की फक्त अंबाझरी पाहिलेली मुलगी एकदम महासागरावर गेली, हे काकांना कधी पचलंच नाही.

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. माझं गाव कुहीकडचं. वडील मी शाळेत असतानाच गेले, आई गावी भावाजवळ असते. मिहानमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला लागले आणि मानेवाड्यातल्या काकांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच दिवशी संध्याकाळी स्कूटी फाटकात घातली, तर काका समोर उभे.

"पोचली का वं?"

हातात हेल्मेट घेऊन मी त्यांच्यापुढे उभी, आणि हा माणूस विचारतोय पोचली का! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एकदा मी वैतागून म्हणाले, "नाही काका, अजून वर्धा रोडवरच आहे." काका हसले नाहीत. "मस्करी नको करू. पोचली तर पोचली म्हणाव." शेवटी मी "पोचले" म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी फाटकाची कडी लावली. पहिलं वर्षभर मला या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. घर भाड्यानं घेतलं होतं, वॉचमन नव्हता मागितला.

काकांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. पॅनेलवरचे काटे आणि दिवे बघत बसायचं, काही बिघडायच्या आत ते ओळखायचं. तिथला पहिला नियम म्हणजे बदली माणूस येऊन चार्ज घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. काका हा नियम नोकरीत पाळायचेच, पण निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घरी आणला. रश्मी जन्मली त्या दिवशी त्यांच्या बदलीवाल्याची स्कूटर कोराडीजवळ बंद पडली, म्हणून हे पोरगी झाल्यावर कितीतरी तासांनी दवाखान्यात पोचले. काकू त्यावरून जन्मभर बोलल्या. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हा किस्सा सांगताना काका त्यांच्या फोटोकडे पाठ करून बसायचे.

चार्ज द्यायचीही एक रीत होती. आधी जे बिघडलं आहे ते सांगायचं. "जे ठीक आहे ते ठीकच आहे ना वं, ते सांगाले वेळ पडला आहे." आणि चार्ज घेणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारायचा, "कधीपासून?" काका म्हणायचे, "लोकं बिघाड आयकला की आधी काहून म्हणून विचारतात. चूक आहे ते. आधी कधीपासून विचारा. काहून ते मागून आपोआप समजते." माझा नळ गळो, मोलकरीण दांडी मारो, ऑफिसात माझं साहेबांशी वाजो, काकांचा प्रश्न ठरलेला. मग मी आठवून आठवून सांगायचे, आणि गंमत म्हणजे सांगता सांगता अर्ध्या वेळा कारणही सापडायचं. हे मी त्यांना कधी कबूल केलं नाही.

रश्मी ब्रेस्टला गेल्यापासून काकांनी त्या गावाचा चार्ज घेतला होता. मोबाइलवर नकाशा उघडून ते गल्लीबोळांतून फिरायचे. पेनफेल्ड नावाची लहानशी नदी, तिच्या मुखाशी एका काठावर किल्ला, पायाचे दगड थेट रोमन काळातले. समोरच्या काठावर गोल जुना बुरूज. आणि दोन्ही काठांना जोडणारा पूल. या पुलाशी काकांचं वैर होतं, कारण मोठं जहाज आलं की त्या पुलाचा मधला भाग चार खांबांच्या मध्ये सपाटच्या सपाट वर उचलला जातो. "पूल हलत नाही म्हणून तर त्याले पूल म्हणायचं ना बाप्पा! हलाले लागला तर मग होडी काय वाईट आहे?" तिथं नदीवरून तारेवरचा पाळणाही जातो हे कळल्यावर तर त्यांनी रश्मीकडून शपथच घेतली की पाळण्यात बसणार नाही. ती रोज बसायची. आमचं दोघींचं फोनवर बोलणं व्हायचं, म्हणून मला माहीत होतं.

गावाचा इतिहास ते वाचायचे तोही बिघाड शोधत. नौदलाच्या गोदीत बेड्या घातलेले कैदी राबायचे, हे वाचून त्यांनी विचारलं, "ते कैदी आता कुठी आहेत?" मी म्हटलं, काका, ते मरून दीडेकशे वर्षं झाली असतील. महायुद्धात जर्मनांनी तिथं पाणबुड्यांसाठी जाड काँक्रीटची कोठारं बांधली. ती फोडायला विमानं आली, कोठारं शाबूत राहिली आणि गाव सपाट झालं. जीव वाचवायला लोक ज्या भुयारात शिरले होते, त्या भुयारातच स्फोट झाला. आजचं ब्रेस्ट नंतर नव्यानं बांधलेलं, सरळ रस्त्यांचं आणि करड्या इमारतींचं. अजूनही पायाभरणीला खोदलं की कधीकधी जुना बॉम्ब निघतो आणि आख्खी वस्ती रिकामी करतात. हे वाचल्यावर काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. "गाव निवडताना आधीचे बिघाड पाहत नाहीत का वं आजकालची पोट्टी?" त्या आख्ख्या इतिहासात त्यांना एकच गोष्ट आवडायची. गावाच्या मुख्य रस्त्याचं नाव सियामवरून पडलं आहे. तीनशे वर्षांपूर्वी थायलंडच्या राजाचे दूत जहाजातून तिथं उतरले आणि वाजतगाजत गावातून गेले. काका म्हणायचे, "पाह्य, किती दुरून आले अन् धड वापस गेले."

मग तो भोंग्याचा दिवस आला. हिवाळ्यातली दुपार कलली होती आणि मी घरून काम करत होते. खाली काका रश्मीशी व्हिडिओवर बोलत होते. अचानक जिन्यावर अनवाणी पावलं धडधडली आणि काका दारात. तोंड पांढरंफटक.

"वैशाली! तिकडं भोंगा वाजून राहिला! मोठा! ती काही बोलली अन् फोनच बंद झाला!"

मी रश्मीला लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. तोवर काका खाली जाऊन फाटकात पोचले होते आणि गल्ली गोळा झाली होती. कोणी म्हणालं वकिलातीला फोन करा, कोणी मोबाइलवर बातम्या धुंडाळू लागलं, समोरच्या वहिनींनी साखर घातलेलं पाणी आणलं. सगळे म्हणत होते काका बसा, आणि काका बसत नव्हते. "आमच्या प्लांटमध्ये असा वाजला की समजायचं मोठं काही झालं. पाणबुड्या आहेत तिथं वं. बॉम्ब निघाला असन." खरं सांगते, तोवर मला त्यांची गंमत वाटायची, पण त्या क्षणी मीही रश्मीचा नंबर पुन्हा पुन्हा दाबू लागले.

बऱ्याच वेळानं रश्मीचा फोन आला. तोंडात घास होता. "बाबा, बॅटरी गेली होती. काय झालं? अहो, आज महिन्याचा पहिला बुधवार! इथं देशभर पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंगा वाजवून बघतात, चालतो की नाही. टेस्ट आहे टेस्ट!"

आख्खी गल्ली काकांकडे बघू लागली. वहिनींनी साखरेचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

लोक पांगल्यावर मी विचारलं, "काका, तुमच्या प्लांटमध्ये भोंग्याची टेस्ट नसायची का?"

"असायची ना. दर सोमवारी. मीच बटन दाबत होतो."

"मग?"

"बटन आपल्या हातात असलं की भेव वाटत नाही वं," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनीच शोधून काढलं की त्या गावात पूर्वी कैदी पळाला की तोफ उडवायचे, म्हणजे आसपासच्या खेड्यांना कळावं. "म्हंजे गावाले जुनी सवय आहे सांगाची," असं म्हणून त्यांना ब्रेस्टबद्दल पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. आणि मग रिवाज पडला. दर पहिल्या बुधवारी रश्मी खिडकी उघडून फोन बाहेर धरायची. इकडे काका डोळे मिटून भोंगा शेवटपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "टेस्ट ओके." माझी सुट्टी असली की मलाही खाली बोलवायचे. "वाजला म्हणजे चांगलं. ज्या दिवशी वाजणार नाही त्या दिवशी खरी काळजी."

खरी काळजी दुसरीकडूनच आली. एका सकाळी काका मला डाक द्यायला वर येताना जिन्यात मधेच बसले. छातीवर हात. मी ओढत त्यांना डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, नळ्यांत अडथळे निघाले. बायपास करावं लागेल, लांबवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नेमकी त्याच सुमारास रश्मी जहाजावर जायची होती. दीड महिना महासागरात, फोन क्वचितच. या सफरीसाठी ती कितीतरी वर्षं थांबली होती.

"ती वापस बंदरात येईपर्यंत ऑपरेशन नाही," काका म्हणाले. "ती समुद्रात, मी टेबलावर बेशुद्ध. मधात कोण? बदली कुठी आहे? अन् तिले सांगायचं नाही. जहाज सोडून येईन पोट्टी."

झालं! मी काय करणार? रागावले, समजावलं, वहिनींना सांगून बघितलं. काका ढिम्म. खुर्ची सोडणार नाही म्हणजे नाही. त्या दिवसांत मी सकाळी उठल्या उठल्या जमिनीला कान लावायचंच तेवढं बाकी राहिलं होतं. खालून नळाचा आवाज, खोकला, कुकरची शिट्टी, बुद्धवंदनेची कॅसेट, असं एकेक ऐकू आलं की माझा जीव भांड्यात पडायचा. एक जरी आवाज उशिरा आला की मी काही ना काही कारण काढून खाली पळायचे. "साखर आहे का काका?" त्यांनी एकदा विचारलंच, "इतकी साखर करते काय तू?"

रश्मी निघायच्या आधीचा पहिला बुधवार आला. मी मुद्दाम सुट्टी घेतली. काका फोन समोर ठेवून बसले होते.

"काका, चार्ज देताना आधी काय सांगायचं?"

"बिघडलेलं."

"मग तुम्ही रश्मीला काय सांगता? रेनकोट घे?"

काका भडकले. "ती काय माझ्या शिफ्टवर आहे काय?"

"तुम्ही तिच्यावर ड्यूटी करता, तशी ती पण करतेच की तुमच्यावर! तिला खोटा चार्ज देताय तुम्ही. तुमच्या प्लांटमध्ये चाललं असतं का हे?"

आवाज माझाच चढला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. तेवढ्यात फोन आला. तिकडून भोंगा वाजला, लांब, एकसुरी, आणि थांबला.

"बाबा? टेस्ट ओके ना?" रश्मीनं विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "इकडं बिघाड आहे."

बापाचीच लेक ती. तिनं पहिलं विचारलं, "कधीपासून?"

काकांनी सगळं सांगितलं. ती रडली, ओरडली, मी निघतेच म्हणाली. काकांनी तिला साफ सांगितलं की तू जहाज सोडून आलीस तर मी टेबलावर चढणारच नाही. दोन दिवस बाप-लेकीचं युद्ध चाललं. शेवटी ठरलं की ती जहाजावर जाईल, काका दवाखान्यात जातील आणि किनाऱ्याला लागल्याबरोबर ती थेट नागपूरला येईल. "पण मधात माणूस पाहिजे," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघू लागले. "वैशाली, चार्ज घेते का?"

मी "घेते" म्हणाले आणि नंतर रात्रभर कूस बदलत राहिले. माझ्या हातून साधा मनीप्लांट जगत नाही.

चार्ज असा तसा मिळाला नाही. मला आधी बंदर शिकावं लागलं. जहाज धक्क्यावरून निघतं, मग मोठ्या खाडीत येतं, मग दोन भूभागांमधल्या अरुंद वाटेतून बाहेर महासागरात पडतं. त्या वाटेला काका 'गळा' म्हणायचे. "गळ्याबाहेर गेली की फोनची वाट पाहायची नाही. वापस गळ्यातून आत आली, डाव्या हाताले किल्ला दिसला, म्हणजे आली घरी."

"काका, जहाज मी चालवणार आहे का?"

"ज्या मशीनचा चार्ज घ्यायचा ते मशीन माहीत पाहिजे," काका म्हणाले आणि मला पुन्हा नकाशा उघडायला लावला.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला. "चार्ज घेतला?"

"घेतला."

"बिघडलेलं काय?"

"तुमचं हृदय. बाकी सगळं ठीक आहे."

ते हसले आणि दार बंद झालं. मी बाहेरच्या खुर्चीवर बसले. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात मोबाइल. जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या नकाशावर रश्मीच्या जहाजाचा ठिपका गळ्यातून बाहेर पडून केव्हाच दिसेनासा झाला होता. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. ऑपरेशन नीट झालं असं डॉक्टर म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि उतरेना. काचेतून काका दिसायचे, डोळे मिटलेले, नळ्या लावलेल्या. त्याच दिवसांत ब्रेस्टकडे वादळ असल्याचं मोबाइल सांगत होता. तिकडचं हवामान मी आता न सांगता दर थोड्या वेळानं बघू लागले होते. चहा प्यायला खाली गेले की वाटायचं, खुर्ची सोडली, आता काही होईल. मग चहा टाकून परत पळायचे. गल्लीतले लोक म्हणू लागले, ही तर काकांच्याही वरताण झाली.

ताप उतरला. काका आधी डोळ्यांनी आणि मग तोंडानं बोलू लागले, आणि घरी आले. पुढे एका दुपारी ठिपका गळ्यातून आत शिरला. मी हातातलं काम टाकून तो बघत बसले. किल्ल्याशी आला तसा फोन वाजला. "वैशाली, पोचले!" रश्मी ओरडली, आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "पोचलीस का गं?"

चौथ्या दिवशी ती अंगणात उभी होती, उन्हावाऱ्यानं रापलेली. काकांनी तिला जवळ घेतलं ते सोडेचनात. मग महिनाभरानं तिनं विषय काढला की बाबा, आता माझ्याबरोबर चला. काका म्हणाले, "अन् घर? अन् फाटक? अन् हिचं काय?" रश्मी शांतपणे म्हणाली, "बाबा, बदली माणूस आला आहे ना तुमचा." काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना नाही म्हणता येईना, कारण नियम त्यांचाच होता.

विमानतळावर किल्ल्या देताना त्यांनी रीतसर चार्ज दिला. "मोटरचं बटन कधीकधी शॉक देते. मोगऱ्याजवळची नळी गळते. फाटकाची कडी अडकते, जरा उचलून लाव." मग थांबले. "बाकी ठीक आहे वं," म्हणाले. जे ठीक आहे ते कधी न सांगणारा माणूस! मी मान वळवली.

काका आता ब्रेस्टला असतात. पूल वर उचलला जाताना ते काठावर उभे राहतात आणि पुन्हा खाली येऊन नीट बसेपर्यंत हलत नाहीत. रश्मी सांगते, पाववालीला ते हातवारे करून नागपुरात आज शेहेचाळीस डिग्री आहे असं सांगतात आणि ती बिचारी रोज "ओ!" म्हणते. इकडे मी मोटरचं बटन बदलून घेतलं, नळी बदलली. संध्याकाळी मिहानहून येते, कडी उचलून फाटक लावते आणि वर जाते. एकदा सवयीनं मोठ्यानं "पोचले" म्हणाले, तर मोगऱ्याखालचं मांजर दचकून पळालं.

परवा पहिला बुधवार होता. फोन आला आणि काकांनी स्वतः खिडकीबाहेर धरला. भोंगा शेवटपर्यंत ऐकून मी म्हणाले, "टेस्ट ओके."

"आता तिकडचं सांग."

"सगळं ठीक आहे काका."

"चार्ज असा देतात का वं? आधी बिघडलेलं."

मी कडीचं सांगणार होते. तोंडातून भलतंच निघालं. "मी घरी येते तेव्हा फाटकाशी कोणी नसतं."

तिकडे समुद्रपक्षी ओरडत होते. काकांनी खिडकी लावून घेतली. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही गेल्यापासून."

काल संध्याकाळी स्कूटी आत घेतली, अडकलेली कडी उचलायला हात घातला आणि पर्समध्ये फोन वाजला.

"पोचली का वं?"

"पोचले काका," मी म्हणाले आणि कडी लावली.